दोन वाजून सतरा मिनिटं

लाँड्रीवाल्याने घडी केलेला कोट काउंटरवर ठेवला आणि त्याच्यावर एक इवलंसं प्लास्टिकचं पाकीट. "आतल्या खिशात चिठ्ठी होती, साहेब. धुण्यात जाऊ दिली नाही. म्हटलं, कामाची असली तर उगाच बोलणी बसायची." हे तो इतक्या अभिमानाने म्हणाला, की चिटणिसाला त्याचे आभार मानावेच लागले. पाकिटातून कागद दिसत होता. पंज्याएवढा, फिकट निळा, मधोमध एक घडी. त्यावर पेन्सिलीने लिहिलेली एकच ओळ, आणि ते अक्षर दुसऱ्या कुणाचं आहे असं म्हणायची सोय नव्हती. 'सभागृह सुरू झाले आहे. २.००.' गेले दोन महिने तो स्वतःला सांगत आला होता, की ही चिठ्ठी आपण त्याच दिवशी फाडली आणि खोलीतल्या टोपलीत टाकली. नुसतं सांगत नव्हता, कागद फाटल्याचा आवाजसुद्धा त्याला आठवत होता. आधी उभा, मग आडवा, असे चार तुकडे. आणि इथे ती अख्खी, इस्त्रीसुद्धा न लागलेली. माणसाचं डोकं स्वतःच्या धन्याशीही किती बिनदिक्कत खोटं बोलतं, असं त्याला वाटलं. त्याने पाकीट कोटाच्या त्याच खिशात परत घातलं, कोट हातावर टाकला आणि तो कचेरीच्या दिशेने चालू लागला. फुटपाथवर माणसं त्याला ओलांडून पुढे जात होती. कोट हातावर होता तरी खिशाच्या जागी, छातीवर, त्याला तो कागद जाणवत होता.

कचेरीत त्याला सगळे 'कुंपण' म्हणत. तोंडावर 'कुंपणराव'. लोकप्रतिनिधींच्या सभागृहात एकंदर एकोणीस समित्या होत्या आणि गेली सव्वीस वर्षं तो या नाहीतर त्या समितीचा चिटणीस होता. चिटणिसाचं काम काय, तर बाहेरच्या माणसाला वाटतं पत्रं लिहिणं आणि पाण्याचे पेले मांडणं. खरं काम एकच. समितीचा एखादा सभासद रंगात येऊन भलतीकडे निघाला, की प्रमुखाच्या कानाशी वाकून सांगायचं, "हे आपल्या कार्यकक्षेत येत नाही." समिती म्हणजे सभागृहाने कापून दिलेला एक तुकडा. जेवढा कापून दिला तेवढाच. सभागृहाने स्वयंपाकघरांची चौकशी सांगितली, तर न्हाणीघराचं दार उघडायचं नाही. साक्षीदार बोलवायचा तो ठरल्या विषयापुरता. आणि सगळ्यांत जुना, सगळ्यांत कडक नियम असा, की सभागृह बसलं की समितीने उठायचं. आई बाहेरून घरात आली की पोरांनी मांडलेली भातुकली मोडायची, तसं. खास परवानगी नसेल, तर सभागृह चालू असताना समिती ही समितीच नसते, टेबलाभोवती बसलेली सात-आठ माणसं असतात. हे सगळं त्याला तोंडपाठ होतं आणि आवडतही होतं. एखादा नवखा सभासद तावातावाने म्हणे, "म्हणजे आम्हाला काहीच अधिकार नाही का?" तेव्हा तो नम्रपणे म्हणे, "आहेत ना, साहेब. मर्यादा आहेत म्हणूनच अधिकार आहेत." हे वाक्य त्याने इतक्यांदा म्हटलं होतं, की आता तोंडात त्याची चवच उरली नव्हती. निरोपसमारंभांत सहकारी हटकून विनोद करत, की आपल्या सभागृहात सगळं बुडेल पण कुंपण शेत खाणार नाही. सगळे हसत. तोही हसे.

सात नंबरच्या खोलीत घंटा होती. सभागृह सुरू झालं की इमारतभर घंटा घणघणत, आणि त्या प्रत्येक समितीच्या खोलीत वाजाव्यात म्हणूनच बसवलेल्या होत्या. पण साक्षीदार दचकतात, बोलणं तुटतं, म्हणून फार वर्षांपूर्वी कुणीतरी सात नंबरच्या घंटेत कापडाचा बोळा कोंबून ठेवला होता. तेव्हापासून तिथे घंटेचं काम चिटणीस करी. दाराबाहेरच्या शिपायाने काचेतून बोट वर केलं, की चिटणिसाने निळी चिठ्ठी लिहायची आणि प्रमुखापुढे सरकवायची. प्रमुख ती वाचे, घसा साफ करी आणि बैठक संपे. कधी दोन मिनिटं, कधी पाच मिनिटं जास्त होत. त्याचीही सोय होती. इतिवृत्तात वेळ लिहिताना नेहमी सभागृहाचीच वेळ लिहायची. 'बैठक दुपारी दोन वाजता संपली.' खालच्या छापखान्यात हे वाक्य तयारच असे. यात कुणाला खोटेपणा वाटला नव्हता, त्यालाही नाही. घड्याळ पाच मिनिटं पुढे ठेवणाऱ्या घराला कुणी खोटारडं म्हणत नाही.

ती बाई आली तो दिवस उन्हाचा होता. खोलीतल्या पडद्यांना मऊ, जुन्या धुळीचा वास येत होता. अपंग मुलांच्या एका वसतिगृहात ती स्वयंपाकीण होती. पन्नाशीची, रुंद हाडाची, हात मोठे, बोटांच्या पेरांवर जुने भाजल्याचे डाग. निवासी संस्थांमधल्या स्वयंपाकघरांची स्वच्छता, एवढाच समितीचा विषय होता. तिने शपथ घेतली. भांडी कशाने घासतात, धान्य कुठे ठेवतात, पाण्याची टाकी कधी धुतात, हे सगळं ती शहाण्या मुलीने पाठ म्हटल्यासारखं सांगत गेली. एक सभासद वर्तमानपत्र वाचत होता. दोनला पाच कमी असताना समितीप्रमुखाने, आता जेवायला मिळेल अशा आवाजात, शेवटचा ठरलेला प्रश्न विचारला. "आणखी काही सांगायचंय?" या प्रश्नाला सगळे साक्षीदार 'नाही' म्हणतात. तिने दोन्ही पंजे टेबलावर पालथे ठेवले आणि त्यांच्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "दुधाचं सांगायचंय."

ती एक वाक्य बोले आणि थांबे. पुढचं वाक्य कुठूनतरी लांबून, पाण्याच्या घागरीसारखं, न हिंदकळता आणावं लागत असल्यासारखी. दुपारी चार वाजता मुलांना दूध देतात. मुलं चारनंतर फार ओरडतात. माणसं कमी आहेत. गोळ्या कुटून दुधात घालायला सांगतात. ती कुटते. पावडर पांढरीच असते, कळत नाही. गेल्या थंडीत एक मुलगी उठली नाही. सात वर्षांची. "ती दूध पिताना पेला दोन्ही हातांनी धरायची," बाई म्हणाली. वर्तमानपत्राची घडी झाली होती. त्याच वेळी दाराच्या काचेपलीकडे शिपायाने बोट वर केलं. चिटणिसाने निळा कागद ओढला, ओळ लिहिली, वेळ लिहिली. सव्वीस वर्षांत हाताला वळण पडलं होतं, लिहायला विचार लागत नव्हता. कागद सरकवायचा तेवढा बाकी होता. आणि बाईने तेव्हा मान वर करून त्याच्याकडे पाहिलं.

त्याला एक मोठी बहीण होती. ती तोतरी होती. घरी जेवताना काही सांगायला लागली, की पहिल्याच अक्षरावर अडके. ओठ थरथरत, मानेची शीर ताठ होई आणि वडील ताटातून मान वर न करता म्हणत, "पुरे." मग हा, तिच्यापेक्षा चार वर्षांनी धाकटा, तिचं वाक्य पुरं करून टाकी. त्याला वाटे, आपण तिला मदत करतोय. एकदा तिने त्याला जिन्यात गाठलं, खांदा घट्ट धरला आणि फार वेळ घेऊन, घामाघूम होऊन एवढंच म्हणाली, "अरे, म-मला ते म्हणायचंच नव्हतं." मग तिने बोलणंच सोडलं. लग्न झालं नाही, नोकरी लागली ती टेलिफोन नसलेल्या खात्यात. चाळिशीतच गेली. पोटात दुखतंय हे तिने कुणाला सांगितलंच नव्हतं. डॉक्टर म्हणाले, सहा महिने आधी सांगायला हवं होतं. ताईच्या मानेवरची ती शीर पुढे त्याला कितीतरी साक्षीदारांच्या मानेवर दिसली, आणि तरीही त्याने चिठ्ठ्या वेळेवर सरकवल्या. त्या दिवशी मात्र हात उठला नाही. त्याने कागदाची घडी घातली आणि कोटाच्या आतल्या खिशात सरकवली. असं त्याने आयुष्यात पहिल्यांदा केलं. बाई बोलत राहिली. तिने गोळ्यांचं नाव सांगितलं, त्या कुणाच्या कपाटातून येतात ते सांगितलं आणि मग डॉक्टरचं नाव घेतलं. पूर्ण नाव, आडनावासकट. लघुलेखिकेने ते टिपलं. सतरा मिनिटं झाली. आपल्या हातून काहीतरी चांगलं घडलं, असं त्याला वाटलं. लाज वाटावी इतकं बरं वाटलं. घरी जाताना तो बायकोसाठी फुलं घेऊन गेला होता, आणि ती म्हणाली होती, "अहो, काय झालं? कुणी गेलं का?"

त्याच दिवशी बाहेर पडताना समितीप्रमुख त्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "कुंपणराव, आज झोपलात काय? सभागृह कधीचं बसलंय. असो. दोनला उठलो असं लिहा, नेहमीसारखं." त्याने लिहिलं. दोननंतरचं टंकलिखित, पुरते दोन ताव, लखोट्यात घालून त्याने आपल्या कपाटात ठेवलं, कारण न झालेल्या बैठकीचे कागद ठेवायला दुसरी जागा नव्हती. पुढच्या आठवड्यात वर्तमानपत्र वाचणाऱ्या त्या सभासदाने दुसऱ्या एका वर्तमानपत्राला सगळं सांगून टाकलं, बाईच्या नावासकट. बाईची नोकरी गेली. डॉक्टरने तिच्यावर अब्रुनुकसानीचा खटला भरला, आणि तो साधासुधा नव्हे, तुरुंगात पाठवू शकेल असा. तिच्या वकिलाने म्हटलं, की समितीपुढे शपथेवर बोललेल्या शब्दासाठी कुणालाही कोर्टात खेचता येत नाही. साक्षीदाराला तेवढं एक चिलखत असतं. डॉक्टरच्या वकिलाने शांतपणे विचारलं, "समितीपुढे? किती वाजता?" आणि कोर्टाने सभागृहाच्या कचेरीकडे दाखला मागितला. त्या दिवशी सभागृह किती वाजता सुरू झालं आणि समितीची बैठक किती वाजता संपली, एवढंच. ते पत्र तीन दिवस चिटणिसाच्या टेबलावर होतं. आज दाखला पक्षकाराच्या हाती द्यायचा होता.

या दोन महिन्यांत त्याला एक नवीनच खोड लागली होती. चार वाजता मजल्यावर चहाची ढकलगाडी येई. पूर्वी तो त्या आवाजावर मान वर करी. आता पेला समोर आला, की दुधाची पातळ साय आकसून कडेला जाताना दिसे आणि तो पेला तसाच थंड होऊ देई. बायकोला हे सांगावंसं वाटलं नव्हतं. सांगितलं ते एवढंच, की एका बाईला वेळ संपल्यावरही बोलू दिलं आणि आता तिच्यावर खटला झालाय. ती भाजी निवडता निवडता थांबली आणि म्हणाली, "गंमतच आहे. जन्मभर लोकांना गप्प बसवलंत, कुणाचा केस वाकडा झाला नाही. एकदा एकीला बोलू दिलंत, तर तिच्या गळ्याशी आलं." ती टोमणा मारत नव्हती, तिला खरंच नवल वाटलं होतं, आणि म्हणूनच ते त्याला जास्त लागलं. तो म्हणाला, "माझे निवृत्तीला आठ महिने राहिलेत." ती म्हणाली, "ते मला माहीत आहे. मी कुठे काय म्हणतेय?"

कचेरीत पोचल्यावर त्याने कोट चढवला आणि तो सरळ मॅडमच्या खोलीत गेला. मॅडम म्हणजे सभागृहाच्या सचिव, सगळ्या कचेरीच्या वरिष्ठ. वयाने त्याच्यापेक्षा बारा वर्षांनी लहान. नवीन होत्या तेव्हा नियमांचं पुस्तक घेऊन त्याच्या टेबलापाशी येऊन बसत. अजूनही त्याला बघून खुर्चीत जरा सावरून बसत. "झाला दाखला?" त्यांनी विचारलं.

"मसुदा झालाय. पण तो खरा नाही, मॅडम."

"इतिवृत्तात काय आहे?"

"दोन."

"मग खरा कसा नाही? आपला दाखला इतिवृत्ताचा असतो, घड्याळाचा नाही." आणि मग आवाज खाली आणून त्या म्हणाल्या, "मला माहीत आहे किती वाजले होते ते. सगळ्या मजल्याला माहीत आहे. पण तुम्ही दोन-सतरा लिहिलंत तरी तिला काय मिळणार? सभागृह चालू असताना परवानगीशिवाय बसलेली समिती म्हणजे समितीच नव्हे. दोन लिहा, तर ती बैठक संपल्यावर बोलली. दोन-सतरा लिहा, तर ती न झालेल्या बैठकीत बोलली. बाईला इकडे आड आणि तिकडे विहीर. तुम्ही विहिरीचा दाखला दिलात म्हणून ती तरंगणार आहे का?"

हे सगळं त्याने स्वतःशी शंभरदा मांडून पाहिलं होतं. तो म्हणाला, "मग मी जातो कोर्टात. सांगतो, की चूक माझी होती. तिला थांबवायचं काम माझं होतं. तिला वाटलं ती समितीपुढेच बोलतेय, आणि तसं वाटायला मी कारण झालो. निदान तिची नियत तरी साफ दिसेल."

मॅडमनी पाण्याचा पेला त्याच्यापुढे सरकवला. "समितीच्या कामकाजाबद्दल सभागृहाच्या नोकराने बाहेर अवाक्षर काढायचं, तर सभागृहाची परवानगी लागते. कुणी शिकवलं मला हे?"

"मी."

"परवानगी द्यायला सभागृह बसलेलं लागतं. गुरुवारी ते विसर्जित होतंय. त्याच्याबरोबर समित्या जातील. अहवाल झाला नाही ती साक्ष बाद होईल. तुमच्या कपाटातला लखोटा तळघरात जाईल, तीस वर्षं कुणी फोडायचा नाही. नवीन सभागृह येईल, नवीन समिती येईल. तिला वाटलं तर विषय घेईल, नाही तर नाही. मला काय हे करताना आनंद होतोय असं वाटतं का तुम्हाला?"

"नाही," तो म्हणाला. आणि ते खरं होतं. वाईट माणूस कुठे सापडला असता, तर त्याला किती सोपं गेलं असतं.

आपल्या जागेवर येऊन त्याने समितीप्रमुखाला फोन लावला. पलीकडे लाउडस्पीकरचा आवाज येत होता, प्रचार सुरू झाला होता. सभागृहाने एका ओळीचा ठराव करून त्या दिवसापुरती मागाहून परवानगी दिली, तर बाई सुटेल, आणि गुरुवारच्या आत एक शेवटची बैठक आहे, असं त्याने सांगितलं. "अहो, ठराव आणायचा म्हणजे नियम मोडला हे आधी कबूल करायचं," समितीप्रमुख मायेने म्हणाला. "निवडणुकीच्या तोंडावर? आणि मागाहून परवानगी देता येत नाही, हे तुम्हीच मला दोनदा लिहून दिलंय. फाइलवर आहे." होतं. त्याला ते टिपण आठवलं. चांगलं झालं होतं, चार पूर्वीचे दाखले देऊन. त्याने फोन ठेवला. सव्वीस वर्षं तो एकेक काठी रोवत आला होता, अगदी ओळंबा लावून, आणि आज कुठेही हात घातला तर त्याचीच काठी हाताला लागत होती. निरोपसमारंभातला विनोद त्याला आठवला. शेत तर त्याने खाल्लंच होतं. एका घासात, दया आली म्हणून.

त्याने दाखल्यावर सही केली. जेवणाचा डबा उघडला आणि बंद केला. मधली दुपार कशी गेली ते त्याला नीट कळलं नाही. खिडकीच्या गजांची सावली टेबलावरून सरकत टाचणीच्या डबीपर्यंत आली, कुणीतरी पंखा मोठा केला, कागदांच्या कडा फडफडल्या आणि त्यांवर त्याने हात ठेवला. हाताखाली कागद थरथरत होते. एकदा त्याने कोटातून ते पाकीट काढलं आणि चिठ्ठी बाहेर घेतली. आता फाडावी, म्हणजे आठवणीतलं निदान एक तरी खरं होईल, असं त्याच्या मनात आलं. त्याने ती परत आत ठेवली. साडेतीनला खालच्या खिडकीवरून निरोप आला. दाखल्यासाठी पक्षकार स्वतः आलीय, वकील नाही.

तळमजल्यावर येणाऱ्या-जाणाऱ्यांसाठी एक जाळीची खिडकी होती, आणि अलीकडे-पलीकडे एकेक बाक. बाई बाकावर न बसता खिडकीला खेटून उभी होती. दोन महिन्यांत वाळली होती. हात मात्र तेवढेच होते, आणि आता त्यांना काही काम नसल्यामुळे ते जास्त मोठे दिसत होते. चिटणीस दार उघडून तिच्या बाजूला गेला. असं करायची रीत नव्हती. खिडकीतला कारकून बघत राहिला.

"वाचून दाखवता का, साहेब? चष्मा घरी राहिला," ती म्हणाली.

त्याने वाचलं. तारीख, सभागृह दुपारी दोन वाजता सुरू झालं ते, आणि मग दुसरं वाक्य. "समितीची बैठक दुपारी दोन वाजता संपली." वाचताना आवाज बदलू नये याची त्याने काळजी घेतली.

बाईने ते मनातल्या मनात दोनदा म्हणून पाहिलं. ओठ हलताना दिसले. "मला निघताना दोन वाजून गेले होते," ती म्हणाली. "बाहेरच्या घड्याळात मी बघितलं. वीस मिनिटं वर झाली होती."

"हो."

"मग दोननंतर मी कुणाशी बोलत होते?"

नियमाने उत्तर होतं, 'कुणाशीच नाही'. ते त्याच्या जिभेवर आलंही. बैठक नाही, समिती नाही, साक्ष नाही, कामकाज नाही. आणि तिथेच तो थबकला. कामकाज नाही. आपण आत्ताच सहीशिक्क्यानिशी लिहून दिलंय, की दोननंतर तिथे कामकाज नव्हतं. मग त्या सतरा मिनिटांत आपण जे ऐकलं, ते सभागृहाचं कसं? ते लपवायला सभागृहाचा हुकूम कसा? आणि ते सांगायला परवानगी तरी कुणाची? एका खोलीत एक बाई बोलली आणि एका माणसाने ऐकलं, एवढंच उरलं. इतकी वर्षं रोवलेल्या काठ्यांमध्ये माणूस जेमतेम जाईल एवढी एक फट होती, आणि तीही त्याच्याच हातची होती. मॅडमना हे मान्य होणार नाही हे त्याला ठाऊक होतं. त्या चौकशी लावतील, लावावीच लागेल, निवृत्तीवेतन अडकेल, बायको 'मी कुठे काय म्हणतेय' म्हणेल आणि खरंच काही म्हणणार नाही. त्याला भीती वाटत होती, साधी, लहान मुलाला वाटते तशी.

"माझ्याशी," तो म्हणाला.

त्याने पाकीट काढलं आणि चिठ्ठी उलगडून तिच्या हातात दिली. "ही त्या दिवशी द्यायची राहिली. वकिलांना दाखवा. म्हणावं, चिटणीस कोर्टात येऊन सांगेल. किती वाजले होते ते, कुणी विचारलं म्हणून तुम्ही बोललात ते आणि तुम्हाला कुणी थांबवलं नाही ते."

तिने कागद डोळ्यांपासून लांब धरला. अक्षरं तिला दिसत नव्हती, पण घडी तिने ओळखली. "ही तीच ना? तुम्ही खिशात घातली होती ती?"

"तुम्ही बघितलंत?"

"बघितलं की. मी तुमच्याकडेच बघत होते. बाकीच्यांना भुका लागल्या होत्या. तुम्ही लिहायला लागलात तेव्हा माझी बोबडीच वळली. म्हटलं, झालं, आता पुरे म्हणणार. तोवर मी डॉक्टरांचं नाव नव्हतं घेतलं. घेणारही नव्हते, साहेब, देवाशपथ. घरून तसं ठरवूनच आले होते. पण तुम्ही कागद घडी करून खिशात घातला. मला वाटलं, हा माणूस ऐकतोय. मग म्हटलं, सांगून टाकावं."

खिडकीतल्या कारकुनाने काहीतरी विचारलं, चिटणिसाने नुसता हात हलवला. तिची माफी मागावी असं त्याला वाटलं, पण कशाची? चिठ्ठी न दिल्याची की घडी घातल्याची, तेच त्याला ठरवता येईना. ताई जिन्यात उभी होती आणि तिची बोटं खांद्यात रुतली होती.

"यानं सुटेन मी?" बाईने विचारलं.

"सांगता येत नाही. कदाचित नाही."

"आणि तुमचं?"

"माझं जाईल. ते नक्की."

तिने मान हलवली. हळहळली नाही, आभारही मानले नाहीत. चिठ्ठी तिने दाखल्याच्या आत ठेवली, दाखला पिशवीत ठेवला. जायला वळली आणि पुन्हा थांबली, त्या दिवशी टेबलाशी थांबली होती तशी.

"ते होईल ते होईल. एक विचारायचं होतं. मला आता तिथे फाटकाच्या आत घेत नाहीत, म्हणून तुम्हाला विचारते. तुम्हा लोकांना कळलं असेल." तिने पिशवीचा बंद मुठीत धरला. "मुलांचं दूध बंद झालं का?"

दोन महिन्यांत पत्रं झाली होती, टिपणं झाली होती, कोर्टाचा कागद आला होता, मॅडम बोलल्या होत्या, समितीप्रमुख बोलला होता, बायको बोलली होती. सभागृह किती वाजता बसलं हे सगळ्यांना मिनिटासकट माहीत होतं. त्याने तोंड उघडलं. पहिल्याच अक्षरावर ते अडकलं.

बाई थांबली. तिने त्याचं वाक्य पुरं केलं नाही.

वरच्या मजल्यावर चहाची ढकलगाडी निघाल्याचा खडखडाट झाला. सवयीने त्याची नजर खिडकीवरच्या घड्याळाकडे गेली. चारला दहा मिनिटं कमी होती.